नवी वाडी वसवताना



मृगाचे ढग दिसू लागले की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या वाड्यांवर तलाठी आणि ग्रामसेवक नोटिसा घेऊन येतात. (त्यांची पदनामे आता बदलली आहेत, पण आपण तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतो.) अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी राहावे, असे त्या कागदात असते. म्हातारी माणसे कागद घेतात, घडी करून आढ्याच्या वाशात खोचतात आणि लावणीच्या तयारीला लागतात. त्यांना दोष देता येत नाही. भात लावायच्या दिवसांत गुरे आणि राब सोडून जायचे कुठे?

तरीही हा प्रश्न आता वाशात खोचून ठेवण्यासारखा राहिलेला नाही. २००५ च्या जुलैमध्ये, २५ आणि २६ तारखेला, महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही घरांवर दरड आली. शेजारच्या पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गेले. आपल्याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. या सगळ्या तारखा जुलैच्या आहेत. कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात अशा त्या आहेत.

दरड कोसळली की मंत्री येतात आणि नवे गाव बांधून देऊ म्हणतात. पुष्कळ वेळा देतातही. पण नवे गाव म्हणजे ओळीने बांधलेली घरे, एवढाच अर्थ कागदावर धरला जातो. शेतकऱ्याच्या गावात घराशिवाय आणखी दहा गोष्टी असतात. त्या आपण आधी सांगितल्या नाहीत तर नकाशात येत नाहीत, आणि नकाशात आल्या नाहीत की पुढे जन्मभर येत नाहीत. कृषी खात्याच्या कामानिमित्त या दोन तालुक्यांतल्या वाड्या मी बरीच वर्षे पायांखाली घातल्या आहेत. ज्यांना जागा सोडायची आहे, ज्यांना उद्या सोडावी लागेल आणि जे आपखुशीने बाजारगावाजवळ चार गुंठे घेऊन घर बांधणार आहेत, अशा तिघांसाठीही हे लिहीत आहे.

बाजाराजवळ, पण पाण्यापासून दूर

नवी वस्ती बाजारगावाजवळ असावी असे आता बहुतेक तरुण मंडळींना वाटते. त्यात चूक काही नाही. मुलांची शाळा, दवाखाना, एस.टी., बँक आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतले काम, सगळे हाताशी येते. दूध आणि भाजी विकायची तर गिऱ्हाईक जवळ हवे. इर्शाळवाडीच्या मंडळींसाठी सिडकोने घरे बांधली ती चौक येथे, म्हणजे हमरस्त्याच्या आणि बाजाराच्या जवळच.

पण आपली दोन बाजारगावे एकसारखी नाहीत. पोलादपूर आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याला आहे. तिथे सपाट जागा थोडी, आणि ती सापडली तर मागे डोंगर आहे की काय ते पाहावे लागते. महाडचे दुखणे वेगळे. महाड हे जुने बंदर. भरतीच्या पाण्यावर गलबते सावित्रीतून वर येत, म्हणून तर इथे बाजारपेठ वसली. ज्या पाण्याने बाजार दिला तेच पाणी बाजार बुडवते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, आणि महाडजवळ तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात. वर घाटमाथ्यावर पाऊस आणि खाली खाडीला भरती, अशी गाठ पडली की पाण्याला वाट उरत नाही. २०२१ च्या २२ जुलैला सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ दोन फूट पाणी. त्या रात्री महाडच्या पेठेत पुरुषभराहून अधिक पाणी उभे होते.

म्हणून महाडजवळ जागा पाहताना दोन गोष्टी करा. पहिली, जलसंपदा खात्याने नदीच्या पुराच्या दोन रेषा ठरविलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. तुमचा गट नंबर या रेषांच्या आत की बाहेर, हे नगरपालिकेत किंवा जलसंपदाच्या कार्यालयात विचारता येते. निळ्या रेषेच्या आतली जागा कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. दुसरी, आसपासच्या जुन्या घरात जाऊन २००५ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात लावून दाखवायला सांगा. दलाल जे सांगत नाही ते भिंत सांगते.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. महाडभोवतालच्या खाचरांत भराव टाकून प्लॉट पाडले जात आहेत, आणि ते विकत घेणारे निम्मे लोक आपलेच, डोंगरातून खाली येणारे शेतकरी आहेत. भाताचे खाचर म्हणजे नुसते शेत नव्हे, ती पाण्याची कोठी आहे. हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बांधाआड अर्धा फूट पाणी उभे राहिले तर एका गुंठ्यात सुमारे १५,४०० लिटर पाणी मावते, आणि एका एकरात सहा लाख लिटरांच्या वर. एकरभर खाचर भरले की एवढे पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर गेले. शिवाय भातजमीन आपल्याकडे मोजकीच आहे, बाकी सगळे वरकस. ती एकदा मुरमाखाली गेली की पुन्हा खाचर होत नाही. घरासाठी वरकस माळ घ्या, खाचराला हात लावू नका.

जागा कशी पारखावी

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. जागेला मात्र उन्हाळ्यात एकदा पाहतो आणि होकार देतो. कोकणातली जागा आषाढात पाहावी. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठल्या वाटेने जाते हे त्या पंधरा दिवसांत जेवढे कळते तेवढे वर्षभरात कळत नाही.

उतारावरची झाडे एका बाजूला कलंडली आहेत का पाहा. जमिनीला डोंगराच्या आडव्या दिशेने भेगा आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नव्या ठिकाणी फुटते का, जुन्या घरांची दारे पावसाळ्यात अडकू लागली आहेत का, हे विचारा. यांपैकी काही दिसले तर ती जागा सोडा. तुमच्या आजच्या वाडीत हे दिसत असेल तर तहसीलदारांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची माणसे अशा जागांची पाहणी करतात. त्यांचा अहवाल हाती असेल तर पुनर्वसनाच्या अर्जाला वजन येते. पण भर पावसात भेग पडली तर अर्ज नंतर, आधी माणसे आणि गुरे हलवा.

जागा पास झाली तरी ती सपाट करण्याच्या नादात पुष्कळ बिघडते. डोंगराचा पायथा खणायचा आणि ती माती खालच्या अंगाला टाकून पटांगण करायचे, हा यंत्राचा सोपा मार्ग. वरचा डोंगर आधारावाचून उभा आणि खालचे घर सैल मातीवर, असे दुहेरी संकट त्यातून होते. माळीणचे नवे गाव आमडे येथे वसवले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरे चांगली होती. पण पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, गटारे ढासळली आणि लोकांच्या छातीत पुन्हा धडकी भरली. भरावाची माती बसायला काळ लागतो. नवा बांध घातला की पहिल्या पावसात तो खाली बसतो हे आपल्याला ठाऊक आहे, तोच न्याय इथे. तेव्हा उतारावर वस्ती करायचीच तर एकच मोठे पटांगण न करता भातशेतीसारख्या लहान लहान पायऱ्या कराव्यात, घर खणलेल्या पक्क्या जमिनीवर घ्यावे आणि भरावाच्या अंगाला परसबाग ठेवावी. भरावाला निदान एक पावसाळा पाणी पिऊ द्यावे, मग रस्ता पक्का करावा. ठेकेदाराला मार्चअखेरची घाई असते, ती आपली घाई नव्हे.

पायरीच्या दगडी भिंतीला खालून पाणी निघायला भोके हवीत आणि भिंतीमागे खडी-गोट्यांचा थर हवा. भोके नसतील तर भिंतीमागे पाणी तुंबते आणि कितीही सिमेंट घातले तरी भिंत पोट काढते. भिंतीच्या माथ्यावर वाळ्याची रांग लावावी. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि माती धरतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वीत-वीत अंतरावर चूड लावली की दोन वर्षांत दाट वरंबा होतो, आणि गुरे तो फारसा खात नाहीत.

वस्तीच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून डोंगराचे पाणी बाजूच्या पऱ्याला नेऊन सोडायलाच हवे. दोन एकरांच्या वस्तीवर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसते वस्तीवरचेच २४ लाख लिटर पाणी होते, डोंगरावरून येणारे वेगळे. चर दगडांनी बांधलेला आणि उताराचा असावा, पाणी मुरवणारा नको. आमच्याच खात्याचे समतल चर माळावर फार गुणाचे असतात, पण घरांच्या डोक्यावरच्या ठिसूळ उतारावर पाणी मुरवणे म्हणजे डोंगराला जड करणे आहे. आणि नकाशात जो पऱ्या आहे तो पऱ्याच राहू द्या. उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून त्यावर समाजमंदिर बांधलेले मी पाहिले आहे. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

घर किती आणि घराभोवती किती

मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी बांधली गेली. देशातल्या सर्वांत मोठ्या पुनर्वसनांपैकी ते एक होते. त्यात ज्याची जमीन जास्त त्याला मोठे घर, असा नियम होता: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. घरे मजबूत झाली, यात शंका नाही. पण शहरासारखे रुंद सरळ रस्ते, सारख्या अंतरावर सारखी घरे आणि जुन्या शेजाराची ताटातूट, यामुळे गावे पसरली आणि माणसे दुरावली. गुरांना आणि कडब्याला जागा कुठे? लोकांनी मग नव्या घरांना पत्र्याची छपरे जोडून जोडून आपले जुने घर पुन्हा उभे केले. ज्या वस्तू नकाशात नव्हत्या त्या लोकांनी पदरच्या पैशाने घातल्या.

आपल्याकडे तळीयेला म्हाडाने कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायची घरे घेतली. काम झटपट व्हावे हा हेतू होता. तरी दोन वर्षे उलटली तेव्हाही कुटुंबे कंटेनरच्या तात्पुरत्या निवाऱ्यात होती. दासगावच्या दरडग्रस्तांनी तर पत्र्याच्या शेडमध्ये वर्षांमागून वर्षे काढली. वैशाखात पत्र्याखाली आणि आषाढात पत्र्याखाली राहणे काय असते हे तुम्हाला सांगायला नको. तात्पुरते म्हणजे किती महिने, हे लिहून घेतल्यावाचून कंटेनर स्वीकारू नका, आणि तात्पुरता निवारासुद्धा गोठ्यासकट मागा.

आता माझा हिशेब सांगतो. घर ५०० चौरस फुटांचे पुरे. पण एका कुटुंबाला जागा तीन गुंठे तरी हवी, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. त्यात घर आणि पडवी जाऊन गोठा, शेणखड्डा, न्हाणीचे पाणी मुरायला चार केळी आणि अळूचा वाफा, एक नारळ, एक लिंबू आणि शेवगा बसतात. मोठ्या जनावरामागे छपराखालची ३५ ते ४० चौरस फूट जागा लागते. बैलजोडी, गाय आणि वासरू असेल तर दीडशे चौरस फुटांचा गोठा झाला. चाळीस घरांची वाडी धरली तर १२० गुंठे घरांना, म्हणजे तीन एकर. रस्ते आणि सामाईक जागा मिळून आणखी दोन एकर. पाच एकरांखाली चाळीस घरांची शेतकरी वाडी बसत नाही. एक गुंठ्यात कुटुंब बसवणारी योजना आली तर ती चाळ आहे असे समजा.

गुरांचा प्रश्न बाजारगावाजवळ अधिक अवघड होतो, कारण शेजारी शहरातला असतो आणि त्याला शेणाचा वास येतो. प्रत्येक दाराशी गोठा जमणार नसेल तर वस्तीच्या एका अंगाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सामाईक गोठ्यांची रांग घ्यावी. प्रत्येकाचा गोठा स्वतंत्र, पाण्याचा हौद एक आणि गोबरगॅस एक. आपली कोकणी गाय लहान चणीची, तिचे शेण कमी. दोन घनमीटर गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो ओले शेण लागते. ते एका घरच्या दोन गुरांनी भरत नाही. चार घरे एकत्र आली तर भरते. एका दारातला गोबरगॅस शेण कमी पडल्याने वर्षभरात कोरडा पडतो, आणि मग त्याच्या खड्ड्यात कोंबड्या झाकल्या जातात.

पेंढ्याच्या उडव्यांना जागा घरांपासून दूर, पण रस्त्याला लागून ठेवा. आग लागली तर बंब तिथवर यायला हवा. खळे सामाईक असावे. होळीचा माळ, पालखीची सहाण आणि स्मशान ही ठिकाणे नकाशावर पहिल्या दिवशी दाखवा. अधिकाऱ्याला सहाण म्हणजे काय हे माहीत नसेल तर समजावून सांगा, लाजू नका. देव जुन्या जागी ठेवायचा की नव्या जागी आणायचा, हा गावकीचा निर्णय आहे, पण जागा दोन्हीकडे ठेवावी. शिमग्याला पालखी नाचवायला अंगण नसेल तर मुंबईकर मंडळी त्या गावाला आपले गाव म्हणणार नाहीत.

मुंबईकरांवरून आठवले. पोलादपूरकडच्या कितीतरी वाड्यांत गणपती आणि शिमगा सोडला तर निम्म्या घरांना कुलूप असते. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही बायका. नव्या वस्तीत घरे चिठ्ठ्या टाकून वाटली तर एखादी एकटी म्हातारी पाच बंद घरांच्या मधोमध येते. रात्री तिला हाक मारायला माणूस नाही. चिठ्ठ्या टाकायच्या तर भावकीच्या गटाला टाका, गटात कोण कुठे हे घरात बसून ठरवा. आणि जी घरे बारमाही चालणार आहेत ती रस्त्याजवळ, एकमेकांना लागून घ्या.

छपराबद्दल थोडेसे. स्लॅबची हौस सर्वांना असते. पण तुमच्याच गावात पाहा, स्लॅब घातलेल्या किती घरांवर पाच वर्षांनी वर पत्रा चढला आहे. आपल्या पावसाला उतरते छप्पर आणि अडीच-तीन फूट पुढे आलेली पागोळी लागते. नैर्ऋत्येचा मार लागतो त्या भिंतीला पडवी असू द्या. जोते रस्त्याच्या गटारापेक्षा निदान दोन फूट उंच असावे. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढतात आणि घरे खड्ड्यात जातात, हे महाडात पाहायला मिळते.

पाणी: पडते ते आणि लागते ते

तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, ही आपली जुनी शरम आहे. नव्या वस्तीत ती टाळता येते. ४० चौरस मीटरचे छप्पर धरा. तीन मीटर पाऊस पडला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी ९६,००० लिटर पाणी एका छपरावरून वाहून जाते. पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १५ लिटर धरले तर जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या दीडशे दिवसांना ११,२५० लिटर पुरतात. म्हणजे छपराच्या पाण्याचा आठवा भागसुद्धा नव्हे. तेवढी फेरोसिमेंटची टाकी पडवीच्या बाजूला बसते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, मग पन्हळीला वाळू-खडीची गाळणी लावून टाकी भरून घ्यावी आणि झाकण घट्ट ठेवावे. उजेड आत गेला नाही तर शेवाळ धरत नाही. एवढी टाकी प्रत्येक घराच्या अंदाजपत्रकातच असली पाहिजे. नंतर बांधू म्हटले की ती राहते.

नळाचे पाणी सरकारी मापाने माणशी रोज ५५ लिटर धरतात. त्यातले बरेचसे न्हाणीतून बाहेर येते. पाच माणसांच्या घरात रोज दोनशे लिटर सांडपाणी धरा. रस्त्यावर सोडले तर डास, परसबागेत सोडले तर केळी. संडास दोन खड्ड्यांचा घ्यावा. एक भरला की दुसरा चालू करायचा, आणि दीड-दोन वर्षांनी पहिल्यातले सुकलेले खत काढून आंब्याला घालायचे. विहिरीपासून तो पंधरा मीटर तरी दूर असावा, उताराच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात जिथे हातभर खणले की पाणी लागते तिथे मात्र हे खड्डे भरून वर येतात. अशा जागी खड्डे उथळ, रुंद आणि ओट्यावर उचलून घ्यावेत, आणि असल्या पाणथळ जागेत विहीर घालूच नये.

या सगळ्या गोष्टी ठरवायला सभेत बायकांना बोलवा, आणि नुसते बोलवू नका, बोलू द्या. पाणी कोण भरते, लाकूडफाटा कोण आणते, भांडी कुठे घासायची, हे पुरुषाला नकाशावर सुचत नाही.

आणि शेत?

हा सर्वांत कठीण भाग. वाडी खाली आली, शेत वर राहिले. दोन-अडीच किलोमीटर अंतर असेल तर माणूस आणि बैल दोन्ही चालतात. आठ-दहा किलोमीटर झाले की पहिल्या वर्षी उत्साहाने जातात, दुसऱ्या वर्षी लांबची खाचरे ओसाड पडतात, तिसऱ्या वर्षी बैल विकले जातात. पुनर्वसनात घर वाचते आणि शेती मरते ती अशी. म्हणून जागा निवडताना बाजाराचे अंतर आणि शेताचे अंतर, दोन्ही पायी मोजा. दोहोंत निवड करायची पाळी आली तर ज्यांचे पोट शेतावर आहे त्यांनी शेताच्या बाजूला झुकावे. बाजाराला एस.टी. जाते, खाचराला जात नाही.

अंतर टळत नसेल तर पिकांची मांडणी बदलावी. जवळची खाचरे भाताला आणि भातानंतर अंगओलीवर वालाला ठेवा. दूरच्या वरकसावर नाचणी-वरी करायला माणूस मिळत नसेल तर काजू, आंबा, बांबू लावा. या झाडांना पहिली दोन-तीन वर्षे राखण आणि उन्हाळ्याचे पाणी लागते, पुढे रोजची धावपळ नसते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वेंगुर्ला जातीची काजूकलमे आपल्या उतारांवर चांगली येतात. फळबाग लागवडीला शासनाच्या योजना आहेत. तुमच्या कृषी सहायकाकडे सातबारा घेऊन जा. मात्र ज्या उताराला भेगा पडल्या आहेत तिथे नांगर, यंत्र, खड्डे काहीच नको. तिथे गवत आणि रान आपोआप वाढू द्या, चराईसुद्धा बंद करा.

जुन्या वाडीतली घरे पडू देऊ नका म्हणून मंडळी दिवसा तिथे राहतात. एखादी शेतखोप ठेवायला हरकत नाही, अवजारे आणि बियाणे ठेवायला ती लागतेच. पण जून ते सप्टेंबर तिथे रात्र काढू नये. इर्शाळवाडी रात्रीच गेली.

कागद

कागदांचे थोडक्यात सांगतो. नव्या जागेला गावठाण म्हणून मान्यता मिळणे हे पहिले काम. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ती हद्द कागदावर आली नाही तर पुढे घरदुरुस्तीला कर्ज मिळताना अडते. दुसरे, कुटुंबांची यादी. वेगळी चूल असलेले तीन भाऊ एकाच शिधापत्रिकेवर असतील तर सरकारदरबारी ते एकच कुटुंब, आणि घर एकच. पंचनामे सुरू होण्याआधी शिधापत्रिका आणि ग्रामपंचायतीची घरनोंद वेगळी करून घ्या. भूमिहीन घरे यादीत आहेत ना, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून पाहा. नव्या घराच्या नोंदीवर नवरा-बायको दोघांचीही नावे लावता येतात, ती लावा. तिसरे, जुन्या जागेवरचा आणि शेतावरचा हक्क कायम राहील असे लेखी घ्या. घर मिळाले म्हणून सातबारा सोडायचा नसतो.

हे सर्व मागण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. १५ ऑगस्टची सभा झेंडावंदनानंतर चहा पिऊन उरकली जाते, तशी करू नका. निदान एका सभेत नकाशा जमिनीवर चुन्याने आखा, खऱ्या मापाने. तीन गुंठे म्हणजे केवढे, गोठा कुठे, रस्ता किती रुंद, हे चुन्याच्या रेषेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि चुना पुसून पुन्हा आखता येतो.

हलायचे ते दिवाळीनंतर हला, म्हणजे नव्या जागेत पहिला पावसाळा येईपर्यंत सहा महिने हाताशी असतात. जुने घर उतरवताना सागाचे वासे, शिसवी दारे आणि कौले मोडून टाकू नका, वाहून आणा. आजोबांच्या हातचे सागाचे आढे नव्या घराला बसत नसले तरी गोठ्याला नेमके बसते, आणि गोठ्यावर कौले घातली की गाईला उन्हाळ्यात पत्र्याचा ताप होत नाही.